राजभवनातली शिरगणती

तुम्ही उतरता ते २० एप्रिल १९८९ रोजी, बंगळूरात. एका अंगाला ग्रॅनाइटचं विधानसौध, समोर लाल रंगाचं उच्च न्यायालय. राजभवनही जवळच, चालत जाता येईल इतकं. खिशातला मोबाइल इथे मुका आहे. गंमत म्हणजे या शहराचं राजकारण सध्या फिरतंय ते टेलिफोनमुळेच: फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात रामकृष्ण हेगडे गेल्या ऑगस्टमध्ये पायउतार झाले आणि हुबळीकडचे एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री झाले.

परवा बोम्मईंच्याच जनता दलाचा एक फुटीर आमदार राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्यांना १९ आमदारांची पत्रं देऊन आला. सरकारचा पाठिंबा काढल्याची ही पत्रं. काल राज्यपालांचा अहवाल दिल्लीला गेलासुद्धा. आज त्यातले सात जण म्हणतायत, आमच्या सह्या फसवून घेतल्या, आम्ही बोम्मईंबरोबरच आहोत. बोम्मई राजभवनात जाऊन सांगतात, अधिवेशन हवं तर अलीकडे घेतो, सभागृहातच बहुमत दाखवतो. तुम्हाला वाटतं, आता प्रश्न मिटला. पण राज्यपाल दुसरा अहवाल धाडतात, तोही पहिल्याच सुरात. उद्या, २१ तारखेला, राष्ट्रपती राजवट येईल आणि विधानसभाही बरखास्त होईल. डोकी मोजायला बांधलेलं एवढं मोठं सभागृह असताना शिरगणती झाली ती राज्यपालांच्या टेबलावर, कागदांची.

समोरच्या लाल इमारतीकडे फार आशेनं पाहू नका. तिथलं तीन न्यायमूर्तींचं पीठ बोम्मईंची याचिका फेटाळणार आहे.

पाच वर्षं पुढे या. ११ मार्च १९९४, दिल्ली. सर्वोच्च न्यायालयाचं नऊ न्यायमूर्तींचं पीठ. त्यात आपले पी. बी. सावंतही आहेत आणि निकालातला एक मुख्य भाग त्यांचाच आहे. राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा न्यायालय तपासू शकतं. संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा बरखास्त करता येत नाही. आणि बहुमत ठरायचं ते सभागृहात. बोम्मईंची बडतर्फी घटनाबाह्य ठरते. पण त्यांच्या पदरात काय? १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेस जिंकून कधीच मोकळी झाली होती.

न्यायालयं दुसऱ्याच्या अंगणात शिरतात ही तक्रार तुम्ही नेहमी ऐकता, आणि ती पुष्कळदा खरीही असते. इथे मात्र, उद्घोषणा तपासण्याचा अधिकार सोडला तर, न्यायालयानं स्वतःकडे काहीच ठेवलं नाही. राज्यपालांच्या हातातली मोजणी काढून घेतली आणि आमदारांना परत दिली.

पुढच्या थांब्यावर हे समाधान जरा ढळतं. मे २०१८, पुन्हा बंगळूर. येडियुरप्पांना बहुमत सिद्ध करायला राज्यपाल वजुभाई वाला १५ दिवस देतात. सर्वोच्च न्यायालय मध्यरात्रीनंतर बसतं, शपथविधी रोखत नाही. पण दुसऱ्या दिवशी फर्मावतं: १९ मे, दुपारी चार वाजता मतदान. विधानसभेचं घड्याळ न्यायमूर्तींनी लावावं? मला हे खटकतं. पण पंधरा दिवसांत आमदारांचा जो बाजार भरला असता, तो त्याहून जास्त खटकतो. तुम्ही प्रेक्षक गॅलरीत बसून चार वाजायची वाट पाहता. येडियुरप्पा भाषण करतात आणि मतदानाआधीच राजीनामा जाहीर करतात.

पुढच्याच वर्षी मुंबईत हेच घडतं. २७ नोव्हेंबरला पाच वाजेपर्यंत बहुमत दाखवा असा आदेश येताच मुख्यमंत्री फडणवीस आदल्या दिवशीच पद सोडतात. उद्धव ठाकरेही जून २०२२ मध्ये बहुमत चाचणीआधी राजीनामा देतात. मे २०२३ मध्ये घटनापीठ सांगतं की राज्यपाल कोश्यारींचं चाचणी बोलावणं चूक होतं, पण ठाकरे सभागृहाला सामोरे गेलेच नाहीत, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही.