दरड ओळखताना

जुलैत अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की डोक्यावरून ढगांच्या रांगा पूर्वेकडे सरकत असतात. तीच ओली हवा पुढे सह्याद्रीला अडते, वर चढते, गार होते आणि महाड, पोलादपूर, खालापूरच्या उतारांवर रिती होते. दरडींच्या अभ्यासात नव्यानं येणाऱ्याला मी आधी ही वाट नजरेनं चालायला सांगतो. भूशास्त्र आणि हवामानशास्त्र यांची इथे गाठ पडते, आणि त्यासाठी पदवी लागतेच असं नाही.

या विषयाचं एक भावंड बर्फात वाढलं आहे. हिमकडे कोसळतात त्या आल्प्समध्ये स्की करणाऱ्यांसाठी हिवाळ्यात नियमित इशारापत्रक निघतं. युरोपात १९९३पासून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. बर्फ किती पडेल एवढंच सांगून ते थांबत नाही. कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर, आतला कोणता थर कच्चा आहे, हेही त्यात असतं. आपल्याकडचा इशारा मुख्यतः पावसाचा असतो. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही हवामान खात्याची सर्वांत वरची पायरी. पण ‘रायगडला रेड अलर्ट’ म्हटलं की श्रीवर्धनची पुळण आणि घाटाखालची वाडी एकाच रंगात रंगतात. उताराबद्दल तो रंग काहीच सांगत नाही, आणि माणसं तर उतारावर राहतात.

उताराच्या पोटात काय चालतं? खाली काळा कातळ, वर झिजून झालेला मुरूम आणि माती. चार-सहा दिवसांच्या झडीनं माती तुडुंब भिजते. पाणी कातळापाशी अडतं, त्याचा दाब वाढतो, मातीचे कण एकमेकांना धरून राहीनासे होतात. अशा वेळी एखादी जोराची सर पुरते. म्हणून आजच्या पावसाइतकाच आधीच्या आठवड्याचा पाऊस मोजावा लागतो.

जुलै २००५मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ला त्याच तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं. त्या पावसात वरच्या महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाणी पडलं होतं. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. इर्शाळगडावर जाणारे ट्रेकर याच वाडीतून चढत, तिथल्या अंगणांत टेकत. पावसाळी भटकंती करणाऱ्यांनी हा विषय परका मानू नये, हे मी आग्रहानं म्हणतो ते त्या अंगणांसाठी.

जमिनीला नवी भेग, कललेला खांब किंवा झाड, अचानक गढूळ झालेला झरा, नको तिथे फुटलेला पाझर, भर पावसात आटलेला ओहोळ: ही चिन्हं वाडीतली म्हातारी माणसं आधी पाहतात. ती नोंदली जात नाहीत, ही आपल्या अभ्यासाची मोठी उणीव आहे. २०२४मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं राष्ट्रीय दरड-पूर्वानुमान केंद्र सुरू झालं. अशा केंद्राच्या नकाशाला गावातल्या वहीची जोड हवी.

वही कुठलीही चालेल. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजा, आकडा लिहा, शेजारी झऱ्याचं पाणी नितळ होतं की गढूळ तेही लिहा.