121 रुपये 40 पैशांची काशी



मागच्या आठवड्यात नात म्हणाली, "आजोबा, मी बनारसला एकटी जातेय. सोलो ट्रिप. बजेटमध्ये." घरात अर्थातच वादळ. सुनेचं म्हणणं, एकटीने कशाला? मी मधे पडलो नाही. ट्रंकेतून एक जुनी वही काढली आणि नातीपुढे ठेवली. डिसेंबर 1978. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात 'काशीखर्च' आणि शेवटच्या पानावर बेरीज : 121 रुपये 40 पैसे, रेल्वेचं जाऊन-येऊन धरून.

मी लश्करचा, म्हणजे ग्वाल्हेरचा. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या तळाचंच हे शहर झालं. आमचे पूर्वज त्या फौजेबरोबर कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात 'काशीस जावे नित्य वदावे' ही म्हण रोज ऐकायची. वडील तीस वर्षं वदत राहिले, गेले कधीच नाहीत. मी बी.कॉम. होऊन बँकेत कारकून लागलो, कायम झालो, आठ दिवसांची रजा मिळाली तेव्हा ठरवलं की आता बोलणं पुरे. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. आईने दशम्या, चटणी आणि एक घोंगडी दिली. वडिलांनी सल्ला दिला, "तिथं आपल्या लोकांचं छत्र आहे. जेवायचे पैसे पडणार नाहीत."

ग्वाल्हेरहून झाशी, तिथून माणिकपूरची पॅसेंजर. महोबा, बांदा, कर्वी करत ती गाडी प्रत्येक झाडाखाली थांबते असं वाटे. झाशीच्या फलाटावर माझ्याच वयाचा एक मुलगा भेटला. मांडीवर फडक्यात बांधलेला तांब्या, आणि तो खाली ठेवायला तयार नाही. मी हिंदीत विचारलं, त्याने मराठीत उत्तर दिलं. तोही लश्करचाच, शिंद्यांच्या पागेतल्या घराण्यातला. वडील लहानपणीच गेलेले, आता आई गेली होती, तिच्या अस्थी घेऊन तोही एकटाच निघाला होता. खिशात चाळीस रुपये. अलाहाबादपर्यंत आम्ही 'तुम्ही' म्हणत होतो, वाराणसी कँटला उतरेपर्यंत 'अरे-तुरे' झालं.

पहिला झटका बसला धर्मशाळेत. गोदौलियाच्या बाजूला तीन ठिकाणी विचारलं, तिन्हीकडे एकच प्रश्न : "अकेले हो?" एकट्या तरुण माणसाला खोली द्यायची नाही. काशीत मरायला येणारे असतात, घरातून पळून आलेले असतात, मागाहून पोलिसांचं लचांड कोण निस्तरणार? चौथ्या ठिकाणी मी न विचारताच सांगून टाकलं, "दो भाई हैं." खोली मिळाली. रोजचा दीड रुपया, दोघांत. अशी आमच्या दोन सोलो ट्रिपांची एक ट्रिप झाली.

त्या वर्षी सप्टेंबरात गंगेला मोठा पूर आला होता. धोक्याची पातळी 71.26 मीटर, पाणी चढलं होतं 73.90 मीटरपर्यंत. डिसेंबरातही घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ डोक्याच्या वर दिसत होती, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर गाळ होता. सकाळची कडाक्याची थंडी. चौखंभ्याच्या गल्लीत कुल्हडातून मलइयो मिळतो, दुधाचा केशरी फेस, जिभेवर ठेवला की नाहीसा. वहीत नोंद आहे : 'मलइयो, दोघांचे, 1 रुपया.' पुढच्याच ओळीत : 'चप्पल (देवळाबाहेरून गेली), नवी, 6 रुपये.' काशीचं सुखदुःख हे असं लागोपाठच्या ओळींत यायचं.

बाकी हिंडणं फुकट होतं. पण मी कॉमर्सचा माणूस. जमेला काही दिसलं की नावे कुठे पडलं, हे शोधायची खोड. काशीत फुकट मिळालेल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाचा तरी खर्च होता, आणि बऱ्याच ठिकाणी तो आपल्या माणसांचा होता. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास बांधलं. कळसावरचं सोनं मागाहून महाराजा रणजितसिंहांनी दिलं. पंचगंगा घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंचा. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप 1828 साली दौलतरावांच्या विधवा पत्नी बायजाबाई शिंदे यांनी उभा केला. मणिकर्णिकेच्या शेजारचा शिंदे घाटही त्यांचाच. तो घाट इतका भारी बांधला की त्याच्या वजनाने पायाच खचला. पुढे तो नव्याने बांधावा लागला. जवळच रत्नेश्वराचं देऊळ कललेलं उभं आहे.

एकट्यादुकट्या मराठी माणसाने उत्तरेत उतरायचं, ही रीतही जुनी. 1857 साली कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायच्या विवंचनेत काकांबरोबर निघाले, कारण बायजाबाई मथुरेत मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार असं कानावर आलं होतं. वाटेत बंड उसळलं, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापलं गेलं. कमी पैशांतल्या प्रवासाचं त्याहून खरं वर्णन मी वाचलेलं नाही.

असो. दुसऱ्या दिवशी अस्थी. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा आपल्या मराठी वस्तीचा जुना पट्टा. तिथल्या एका तीर्थोपाध्यायांकडे गेलो. पंडे लुटतात हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून मी माझे पैसे आतल्या खिशात ठेवून गेलो होतो. गुरुजींनी एक्कावन्न रुपये सांगितले. मित्र म्हणाला, "माझ्याजवळ सगळे मिळून तीस उरलेत, आणि परत जायचंय." गुरुजी काही बोलले नाहीत. गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आतून एक लांबट, लाल कापडात बांधलेली वही आणली. पानं उलटत गेले आणि एका पानावर बोट ठेवलं. त्याच्या आजोबांचं नाव, सोबत आलेल्यांची नावं, आणि खाली शाईचा अंगठा.

तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने आपला अंगठा हळूच त्याच्या शेजारी ठेवून पाहिला.

मी सहज माझंही घराणं सांगितलं. तीन-चार पानं पुढे माझ्या पणजोबांची सही निघाली, मोडीत. मला मोडी येत नाही. गुरुजींनी वाचून दाखवली. एकाच वहीत, लश्करच्याच पानांत, त्याचेही आणि माझेही. गुरुजींनी विधी पुरा केला, मित्राच्या आईचं नाव वहीत लिहिलं आणि अकरा रुपये घेतले. अस्थी शिंदे घाटासमोर नावेतून सोडल्या. नाववाल्याने मात्र दोन रुपये ठरवून परत आणताना तीन घेतले.

आता तिसरा दिवस. हा मी कुणालाच सांगितला नव्हता.

वडिलांनी सांगितलेल्या छत्रात दोघं जेवायला गेलो. दारातल्या माणसाने नाव विचारलं, गाव विचारलं, गोत्र विचारलं. मी सांगितलं. "या, हातपाय धुवा." मग त्याला विचारलं. आडनाव ऐकल्यावर तो माणूस अगदी सभ्यपणे, आवाजही न चढवता म्हणाला, "तुमचं पान आत नाही वाढता येणार. नंतर या, बाहेर ओटीवर देऊ."

ज्या घराण्याच्या बाईने इथे घाट बांधला, त्या घराण्याच्या पागेत याचे आजोबा-पणजोबा घोड्यावर बसले होते. आदल्या दिवशी एका वहीत आम्ही दोघं होतो. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तोंडात आलं नाही. तो म्हणाला, "तू जेवून घे रे, मी घाटावर आहे." आणि मी आत गेलो. वरण-भात, भाजी, पोळी, ताक. मी जेवलो, मंडळी. भूक होती म्हणून जेवलो, आणि वाद घालायची हिंमत नव्हती म्हणूनही जेवलो.

घाटावर आलो तर तो पायरीवर बसून पेरू खात होता. अर्धा माझ्यासाठी ठेवला होता. म्हणाला, "गोड आहे." जेवणाबद्दल त्याने काही विचारलं नाही. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : 'दुपारचे जेवण (छत्र) : 0.' बँकेत सदतीस वर्षं काढली, पण माझ्या हातून लिहिली गेलेली सगळ्यात चुकीची नोंद तीच. ते जेवण फुकट नव्हतं. फक्त त्याचे पैसे मी दिले नव्हते.

पाच-सहा वर्षांनी शिंदे की छावणीजवळच्या आमच्या शाखेत तो काउंटरवर आला. खातं उघडायचं होतं, मुलीच्या नावाने. आम्ही हसलो, चहा मागवला, घरच्यांची चौकशी झाली. ओळखदार म्हणून फॉर्मवर मीच सही केली. छत्राचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. पुढे त्याची बदली झाली आणि गाठभेट तुटली.

2022 साली बायकोला घेऊन पुन्हा काशीला गेलो. विश्वनाथ धामचं नवं आवार पाहिलं, तिथे अहिल्याबाईंची मूर्ती आहे, तिला नमस्कार केला. नंतर बायकोला घाटावर बसवून एकटाच त्या गल्लीत गेलो. छत्राच्या जागी आता पर्यटकांचं गेस्ट हाउस आहे. दारात मुलगा मोबाइलमध्ये गुंग. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "रूम चाहिए अंकल? आधार कार्ड दीजिए." गोत्र विचारलं नाही. काय वाटलं ते सांगता येत नाही. बरं वाटलं, आणि त्याच वेळी रिकामंही.

नातीने वही वाचली. त्या शून्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, हे दुरुस्त करा ना." मी म्हटलं, जुन्या वहीत खाडाखोड करायची नसते, खाली नवी नोंद करायची असते. म्हणून हे लिहिलं. ती पुढच्या महिन्यात जातेय. सून तयार झाली आहे, रोज रात्री फोन करायच्या अटीवर. तिला मी दोनच गोष्टी सांगितल्यात : चपला पिशवीत ठेव, आणि पंगतीत शेजारच्याला उठवलं तर तूही ऊठ.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या काशीयात्रेच्या वह्या, पत्रं, पंड्यांच्या पावत्या असतील. रद्दीत देऊ नका. आणि लश्करच्या पागेतला, 1978 च्या डिसेंबरात आईच्या अस्थी घेऊन काशीला गेलेला कुणी हे वाचत असेल, तर बाबा रे, त्या अर्ध्या पेरूचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.