मास्तर त्यांचं वाचायचे

आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, गावात ‘पेंटर’ म्हणून ओळखले जात. दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीतल्या भिंती ते रंगवत. चित्र काढताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. दादी गेल्यावर तिच्या पेटीत त्यांची लढाईतली एकोणीस पत्रं निघाली आणि मी चकित झालो. प्रत्येक पत्राच्या कडेला पेन्सिलीचं एक चित्र होतं.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक भरती झाले. दादा त्यांतले एक, खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समधले. पूल बांधणं, रस्ते काढणं, पेरलेले सुरुंग शोधणं हे सॅपर्सचं काम. सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या वाटेला पांढरी फीत लावायची, पाट्या रोवायच्या. दादा त्या पाट्या रंगवत. त्यांच्या फौजी कागदांवरून कळतं, की ते चौथ्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला, पुढे उत्तर आफ्रिकेत आणि १९४४ च्या फेब्रुवारीत इटलीत कॅसिनोला होते.

पत्रांत मात्र एकाही ठिकाणाचं नाव नाही. सेन्सॉर ते खोडून टाकी. १५ फेब्रुवारी १९४४ ला कॅसिनोच्या डोंगरावरचा जुना मठ बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. त्या महिन्यातल्या पत्रात दादा लिहितात, ‘थंडी फार आहे. म्हैस व्याली का?’ आणि कडेला एक झाड आहे, अर्धं मोडलेलं. त्याखाली ओझ्यानं वाकलेलं खेचर. झाडाखाली लिहिलंय, ‘जैतून’. कुराणात ज्याची शपथ घेतली आहे, ते झाड आमच्या घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण पत्रं मराठीत, कारण दादा मराठी शाळेत शिकलेले. शाळेचे मास्तर ती ओट्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवत. वडीलधाऱ्यांपुढे वाचल्या जाणाऱ्या पत्रात बायकोचं नाव कसं येणार? एकोणीस पत्रांत ते एकदाही नाही. दादीला तर अक्षरओळख नव्हती. वाचून झालं की पत्र ठेवायला तिच्याकडे येई.

मी फुफीला विचारलं, “दादी या चित्रांबद्दल कधी काही बोलली?” फुफी म्हणाली, “अम्मी म्हणायची, मास्तर त्यांचं वाचायचे, मी माझं.”

“मग परत आल्यावर दादांनी चित्रं का नाही काढली?”

“घरी आल्यावर पत्र कुणाला लिहिणार?”

माझा पहिला कवितासंग्रह निघाला, तेव्हा गावानं सत्कार केला होता. मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, “आमच्या घराण्यात कलेची सुरुवात माझ्यापासून झाली.” दादा पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.