साबणावरचा चेहरा



आपल्या आज्या दुकानात काडेपेटी मागायच्या तेव्हा कंपनीचं नाव घेत नसत. "जहाज छाप द्या," एवढंच म्हणत. पालेगावच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना 1920 च्या दशकात आला आणि विमको नाका हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. जहाज छाप काडेपेटी त्याच विमकोची. जिला अक्षर येत नव्हतं तिलाही चित्र वाचता येत होतं. त्या चित्राचं काम एकच, माल ओळखू यावा. आमची काडी पेटवलीत तर तुम्ही सुंदर दिसाल, असं काही ते जहाज सांगत नव्हतं.

मग वस्तूवरच्या चित्राच्या जागी माणसाचा चेहरा कधी आला? आणि तो आल्यावर आपल्या खरेदीत काय बदललं? आज त्याचीच गोष्ट सांगते.

चेहऱ्याची ताकद महाराष्ट्राने जाहिरातींच्याही आधी पाहिली ती नाटकात. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, पुरुष असून स्त्रीची भूमिका करत. 1916 साली 'स्वयंवर' नाटकात ते रुक्मिणी झाले. त्यांची लुगडं नेसायची पद्धत, दागिने, केसातला गजरा पाहून घरंदाज बायका तसंच नेसू-माळू लागल्या. जरा विचार करा, बायकांनी कसं नटावं हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या! कुणी आग्रह केला नव्हता. आवडत्या माणसासारखं आपणही दिसावं, ही इच्छा मनातूनच येते. व्यापाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही की ही इच्छा विकता येते.

पुढची पायरी साबणाची. अंगाला डाळीचं पीठ किंवा उटणं आणि केसांना शिकेकाई लावणाऱ्या घरांत विकतचा साबण येऊ लागला होता. तो बहुतेक परदेशी असे आणि त्यात प्राण्यांची चरबी असे. 1920 च्या आसपास मुंबईच्या गोदरेजांनी चरबी न घालता वनस्पती तेलांचा साबण काढला. त्याच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांचा अभिप्राय छापला गेला. परदेशी साबण यापेक्षा चांगला असल्याचं मला माहीत नाही, मी हाच वापरीन, अशा अर्थाचा तो होता.

इथेही मोठ्या माणसाचं नाव होतं आणि भावनेला हात घातलेला होता. ती भावना स्वदेशीची. पण त्या नावामागे तपासून पाहता येईल अशी एक गोष्ट होती. साबणात चरबी आहे की नाही, हा सरळ प्रश्न होता आणि त्याला सरळ उत्तर होतं.

आता लीला चिटणीस यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म धारवाडचा, वडील प्राध्यापक. लीलाबाई स्वतः पदवीधर. त्या काळी सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे समाज वाकड्या नजरेने पाही. म्हणून त्या पडद्यावर आल्या तेव्हा पदवीधर, प्रतिष्ठित घरातल्या महाराष्ट्रीय बाई अशी त्यांची ओळख मुद्दाम करून दिली गेली. 1939 साली बॉम्बे टॉकीजचा 'कंगन' आला. मग 'बंधन' आणि 'झूला'. अशोक कुमार यांच्याबरोबरची त्यांची जोडी लोकांनी डोक्यावर घेतली.

1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा झळकला. लक्स भारतात 1929 पासून विकला जात होता आणि परदेशात सिनेमातल्या नट्यांच्याच नावावर त्याचा खप वाढवला गेला होता. त्याच्या जाहिरातीत आलेल्या लीलाबाई पहिल्या भारतीय नटी.

टागोरांच्या आणि या जाहिरातीतला फरक लक्षात घ्या. आता साबणात काय आहे हा मुद्दाच मागे पडला. मुद्दा एवढाच उरला की ही सुंदर बाई हा साबण वापरते. लीलाबाईंचं रूप साबणाने आलेलं नव्हतं. त्यांचा मान आला होता शिक्षणातून आणि कामातून. तो सगळा मान साबणाने उसना घेतला आणि विकत घेणारीला वाटलं, त्यातला थोडा आपल्याही वाट्याला येईल.

हे आपल्या मनात कसं घडतं? शेजारची काकू म्हणाली, "हे तेल चांगलं आहे गं," तर आपण ऐकतो, कारण काकूंना आपण ओळखतो. नटीला आपण इतक्या वेळा पाहिलेलं असतं, तिच्यासाठी इतक्यांदा डोळे पुसलेले असतात, की तीही ओळखीचीच वाटते. मनाला हा फरक पटकन कळत नाही. पण तेल खराब निघालं तर काकूंना उद्या नळावर गाठून विचारता येतं. नटीला कुठे गाठणार? शिवाय काकूंना कुणी ते सांगायचे पैसे दिलेले नसतात.

पुढे काय झालं तेही ऐका. 1948 साली 'शहीद' चित्रपटात लीलाबाई नायकाच्या आई झाल्या. 1951 च्या 'आवारा'मध्येही आईच. जाहिरातीला सात वर्षं होतात न होतात तोच पडद्यावर त्यांचं वय झालं! साबण मात्र नव्या नव्या तरुण नट्यांच्या चेहऱ्यांनी विकला जात राहिला. वडी तीच, चेहरा बदलत गेला. जिच्या मानावर साबण विकला गेला तिचंही रूप त्याने टिकलं नाही, तर आपलं कसं टिकेल?

इथवर भावना आवडीची होती. तिच्याहून जड असते ती भीती. 1975 साली फेअर अँड लव्हली ही क्रीम आली. तिच्या जाहिरातींत सावळी मुलगी खाली मान घालून बसलेली असायची. क्रीम लावली की ती उजळ व्हायची, मग नोकरी मिळायची किंवा लग्न जमायचं. आधी आपल्या पोरीत खोट आहे असं सांगायचं आणि मग त्या खोटेवरचा उपाय विकायचा, अशी ही रीत. आई त्या नळीला पैसे मोजते ते क्रीमसाठी नसतात, पोरीच्या काळजीपोटी असतात. जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठल्यावर 2020 साली कंपनीने नावातला 'फेअर' काढला. तोवर पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्या वर्षांत किती मुलींनी आरशापुढे स्वतःला कमी लेखलं असेल, याचा हिशोब कुणाच्या वहीत नाही.

कायद्यालाही आता चेहऱ्याची जबाबदारी दिसू लागली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जाहिरात खोटी किंवा दिशाभूल करणारी निघाली, तर कंपनीला आणि जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. त्या नामवंताला एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदी घालता येते. दाव्याची नीट खातरजमा केली होती हे त्याने दाखवलं, तर सुटका होते. म्हणजे "मी फक्त पैसे घेऊन बोललो" हे उत्तर आता पुरत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.

पण रोजच्या खरेदीत कायद्याच्या आधी आपला अंगठा कामाला येतो. वेष्टनावरचा चेहरा अंगठ्याने झाका आणि उरलेलं वाचा. साबणावर टीएफएम नावाचा आकडा असतो. साबणात खरा साबण किती, ते तो सांगतो. 76 टक्के किंवा जास्त असेल तर पहिला दर्जा, 70 पासून दुसरा, 60 पासून तिसरा. काही वड्यांवर 'टॉयलेट सोप' न लिहिता 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं, त्यात हा आकडा आणखी कमी असू शकतो. मग वजन पाहा. वडी 100 ग्रॅमची आहे की 75 ची? किंमत भागिले वजन, हा हिशोब बचत गटातल्या बाईला कुणी शिकवायला नको. चेहरा झाकून वस्तू पसंत पडली, तर खुशाल घ्या.

जाहिरात म्हणजे पापच, असं मात्र मी म्हणत नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची लिज्जत. त्यांच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत नटी नव्हती, एक ससा होता. रामदास पाध्ये यांचा बाहुला. त्याने लोकांना हसवलं, कुणाला कमी लेखलं नाही. आणि त्या हसण्यामागे बायकांनी स्वतः लाटलेला पापड होता.

आपल्या गटाचा मसाला, लोणचं, पापड विकायला काढाल तेव्हा हे आठवा. चित्र छान काढा, नाव गोड ठेवा. पण त्याखाली काय घातलंय, वजन किती, कधी केलं आणि कुणी केलं, हे ठळक लिहा. गिऱ्हाइकाने चित्रावर अंगठा ठेवला तरी आपला माल खरा ठरला पाहिजे.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एकेक वेष्टन घेऊन या. चेहरे झाकू आणि मिळून वाचू.