आजारपणं, मावशी आणि आपली पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं, तोवर बोअरवेलचा, रस्त्याचा आणि गणेशोत्सवाचा इतिहास इतरांनी आधीच वाटून घेतला होता. उरलं ते मी घेतलं. उभी हयात साखर कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात गेली, त्यामुळे ज्या खर्चाला व्हाउचर नाही तो खर्च डोक्यातून जात नाही. आपल्या पंचवीस वर्षांतला असा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे घरातल्या थकलेल्या माणसांची सेवा. ती कुणी केली, पैसे कुणी दिले, आणि पैसे दिले नसतील तर ते कुणाच्या अंगावर पडलं, एवढंच लिहितो. नावं घेतलेली नाहीत. ज्याचं त्याला कळेल.

सुरुवात जरा मागून करतो. अकलूज हे नीरेकाठचं जुनं गाव, किल्ल्याचं. पण आपल्यापैकी बहुतेक जण इथले मूळचे नाहीत. या भागात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. 1930 च्या दशकात सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. पुढे शंकरराव मोहिते पाटलांनी अकलूजचा सहकारी कारखाना उभा केला आणि त्याच्यामागून शाळा, कॉलेज, बँका, दूध संघ आले. या नोकऱ्यांसाठी आपण आलो ते नवरा, बायको आणि दोन मुलं असे आलो. आईवडील सांगोल्याला, करमाळ्याला, माण-खटावला गावीच राहिले. विभक्त कुटुंब पुण्या-मुंबईने आणलं असं म्हणतात. आपल्याकडे ते साखरेच्या पोत्याबरोबर आलं.

गावी त्या म्हाताऱ्यांचं कोण करायचं? धाकटी सून, नाहीतर नवरा गेल्यावर माहेरी आलेली आत्या. माझ्या आजीचं सगळं अशाच एका आत्याने केलं. वर्षाला दोन लुगडी आणि दोन वेळचं जेवण. आजी गेली तेव्हा घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं, आत्याला आजीचं पांघरूण मिळालं. "पूर्वी सेवा प्रेमाने व्हायची, आता पैशाने होते," असं आपल्या कट्ट्यावर कुणी म्हणालं की मला ते पांघरूण आठवतं. प्रेम होतंच, नाही कोण म्हणतो? पण खर्चही होता, आणि तो एकाच बाईच्या नावावर पडत होता.

अशाच बायकांसाठी धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाई रानड्यांचं सेवासदन पुण्यात 1909 चं. हा इतिहास आपण शाळेत स्त्रीशिक्षणाचा म्हणून शिकलो. हिशेबनिसाच्या नजरेने बघितलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते: घरात फुकट राबणाऱ्या बाईच्या हाताला तिथे पहिल्यांदा दाम मिळण्याची सोय झाली. सेवासदनने बायकांना ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, आणि ते सोपं नव्हतं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचं घाण-मूत काढायचं, हे 'चांगल्या घरातल्या' बाईचं काम नव्हे, असं समजत. ती समजूत पुरती गेली असं मला अजून वाटत नाही.

आपल्या भागाला त्याहून जवळचं होतं मिरज. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथे 1894 साली सुरू झालं आणि 1897 पासून नर्सिंगचं शिक्षणही. 1927 साली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेली आणि "मिरजेला नेलं" हे वाक्य घराघरांत आलं. जुनी माणसं अजून तसंच म्हणतात, पेशंट प्रत्यक्षात सोलापूरला नेलेला असला तरी! पण शिकलेली नर्स दवाखान्यात होती. पेशंटला घरी सोडलं की पुढे पुन्हा तीच सून आणि तीच आत्या.

आपली सोसायटी 2000 साली नोंदली गेली तेव्हा आपण चाळिशी-पंचेचाळिशीत होतो. पहिली सहा-सात वर्षं सभांच्या इतिवृत्तात मुलांच्या क्रिकेटने फुटलेल्या काचा आहेत, म्हातारपण कुठेच नाही. मग गावी राहिलेले आईवडील एकेक करून आपल्याकडे यायला लागले, कारण गावीही आता सून नव्हती.

पहिली बाई लागली 2007 साली, मधल्या गल्लीत. आजींना अर्धांगवायू झाला होता. सून शाळेत शिक्षिका, मुलगा बँकेत. दवाखान्यातल्या कंपाउंडरने वेळापूरच्या एका मावशी सुचवल्या. मावशींनी एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून काम केलेलं. नर्स नव्हत्या, पण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, नळीतून पेज किती पातळ द्यायची, हे त्यांना नीट येत होतं. सकाळी आठ ते रात्री आठ, महिना अडीच हजार. गल्लीत कुजबुज सुरू झाली, "पैसे टाकून आईचं करवून घेतात." एका हळदीकुंकवाला ते त्या सूनबाईंच्या कानावर गेलं. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी नोकरी सोडते. घराचा हप्ता तुम्ही वर्गणी काढून भरा." त्यानंतर कुजबुज थांबली. पुढच्या चार वर्षांत कुजबुजणाऱ्यांपैकी तिघींच्या घरी त्याच मावशी होत्या.

मावशींचा चहाचा कप मात्र बऱ्याच घरांत वेगळा होता. दिवसभर आजींना भरवणारा हात चालायचा, पण कप वेगळा. स्मरणिकेत हे कशाला, असं समितीतल्या एकांनी विचारलं. इतिहास लिहायला सांगितलाय, म्हणून.

माझ्या घरची पाळी 2011 साली आली. आई गेल्यावर वडील इथे आले आणि हळूहळू माणसं विसरायला लागले. रात्री उठून "गावाकडची एसटी चुकेल" म्हणत फाटक वाजवायचे. दिवसा मावशी, रात्री आमची ही, आणि सुट्टीच्या दिवशी मी, असं तीन वर्षं चाललं. दुसऱ्या वर्षी मी निवृत्त झालो, आणि कारखान्यातल्या निवृत्त माणसाचं गणित काय असतं ते इथे सांगतोच, कारण आपल्यातल्या अनेकांचं तेच आहे. आमची पेन्शन ईपीएस-95 ची. शेवटचा पगार कितीही असो, त्या काळी धरला जायचा कमाल 6,500. त्याला 1995 नंतरच्या नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. माझी सतरा वर्षं, म्हणजे दीड हजारावर थोडे. आधीच्या नोकरीचे जे काही मिळतात ते धरून सव्वादोन हजारांच्या आसपास. मावशींचा पगार तोवर साडेचार हजार झाला होता. फरक फंडाच्या पैशांतून गेला. सप्टेंबर 2014 पासून ही मर्यादा 15,000 झाली आणि किमान पेन्शन 1,000 ठरली, पण आधी निवृत्त झालेल्यांना वाढीव मर्यादेचा उपयोग नाही. किमान 7,500 करा म्हणून अनेक वर्षं आंदोलन चालू आहे. त्या मोर्च्यांना जाणारे आपल्यातही आहेत आणि ते स्वतः पंचाहत्तरीचे आहेत.

ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत त्यांच्यासाठी मग ब्युरो आले. ज्याच्याकडे मोबाइल आणि दहा बायकांची यादी, तो ब्युरो. बारा तासांचा दर वेगळा, चोवीस तासांचा वेगळा, एका महिन्याचे पैसे आगाऊ, महिन्याला दोन सुट्ट्या, जेवण आपल्याकडे. चोवीस तास म्हटलं की लोकांना ती बाई झोपते हे आठवत नाही. ब्युरो आपल्याकडून घेतो किती आणि बाईच्या हातात देतो किती, हे दोघांनाही कळू न देणं हाच त्याचा धंदा. एका घराने बाईला सरळ विचारलं तेव्हा निम्म्याचा फरक निघाला. त्या घरी आठवड्यात दुसरी बाई आली, पहिलीचा फोन बंद. तेव्हापासून माझं सांगणं एकच: ओळखीतून बाई मिळत असेल तर ओळखीतूनच ठेवा, पैसे तिच्या खात्यावर टाका, आणि सुट्ट्या, जेवण, काम काय आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. सलाइन किंवा इंजेक्शन हे मावशीचं काम नाही. त्यासाठी नोंदणी असलेली नर्सच बोलवायची.

पैसे कुणी द्यायचे, यावर भावाभावांत जे होतं तेही आपण पाहिलं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपल्याला अकलूजच्या अकलूजमध्येच. कमाल रक्कम महिना 10,000. आज आपल्याकडे चोवीस तासांची बाई एवढ्यात मिळत नाही. तरी कागदावर काहीतरी येतं. लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते थेट आईवडिलांना द्यायचं ठरवलं, तेव्हा आपल्या कट्ट्यावर टाळ्या पडल्या. नंतर कुणीतरी हळूच विचारलं, "आणि ज्याची मुलं नोकरीत नाहीत, कर्जात आहेत, त्याचं काय?"

त्या कायद्यातलं कलम 23 प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून देताना "तो आमचा सांभाळ करील" ही अट त्यात असेल आणि त्याने ती पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अट नसेल तर भांडण अवघड होतं. 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट असणं आवश्यक म्हटलं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने बक्षीसपत्र रद्द करताना या कायद्याकडे उदारपणे बघायला हवं, असं म्हटलं. पण न्यायालयाच्या उदारपणावर विसंबण्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहिलेल्या बऱ्या. आपल्या एका सभासदांनी त्या लिहिल्या नव्हत्या. ते आता बहिणीकडे राहतात.

मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागलं आणि एका रात्रीत फाटकापलीकडून येणारा हात थांबला. पाच घरांत माणसं अंथरुणाला होती. वेळापूरच्या मावशी म्हणाल्या, "मी इथंच राहते, पण झोपायला जागा द्या." सोसायटी ऑफिसची मागची खोली त्यांना दिली. नियमात बसतं का, यावर फोनवर दीड तास चर्चा झाली. पावणेतीन महिने त्या तिथे राहिल्या आणि तीन घरं सांभाळली. उरलेल्या दोन घरांत मुलगे घरून काम करत होते. एका मुलाने वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा अंघोळ घातली. त्याने मला सांगितलं, "काका, माणूस किती जड असतो हो."

आता मावशींबद्दल, कारण हा विषय येत्या वार्षिक सभेत आहे. त्यांचे गुडघे गेलेत. दोन वर्षांपासून त्यांना पेशंट उचलवत नाही. सोळा वर्षांत त्यांनी आपल्या अकरा घरांत काम केलं, आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याकडे काय आहे ते मी सवयीने तपासलं. फंड नाही. अटल पेन्शन योजना 2015 ला आली, पण त्यात चाळिशीनंतर प्रवेश नाही आणि त्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या. घरकामगार मंडळाचा कायदा 2008 चा आहे, पण नोंदणीला मालकाचा दाखला लागतो. "उद्या काही मागायला लागल्या तर?" म्हणून तीन घरांनी तो दिला नाही. श्रावणबाळ योजनेत महिना 1,500 मिळतात, पण त्यासाठी वय पासष्ट हवं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत. म्हणजे आपण दोन-तीन महिन्यांत जेवढे देत होतो तेवढ्यात वर्ष काढलं, असं कागदावर दाखवायला हवं. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार होतात, तेही दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी करणारं माणूस त्यात बसत नाही, आपल्यासाठीही नाही आणि त्यांच्यासाठीही नाही.

गेल्या वर्षीच्या सभेत मेंटेनन्समधून त्यांना काही द्यावं, असा ठराव आला. तो नामंजूर झाला. "आज मावशी, उद्या वॉचमन" असा मुद्दा होता, आणि सभासदांचा निधी बाहेरच्या व्यक्तीला देणं उपविधीत बसत नाही, हा दुसरा. दुसरा मुद्दा बरोबर होता, त्यामुळे पहिल्याला उत्तर देण्याची वेळच आली नाही. मग सात घरांनी आपापसांत दरमहा तीनशे काढायचं ठरवलं. ते मावशींच्या पोस्टातल्या खात्यावर जातात. दाखला न देणाऱ्या तिघांपैकी एक घर या सातांत आहे. उरलेल्या चार घरांशी मी बोललो आहे, पुन्हा बोलणार आहे. या वेळी सभेपुढे पैशाचा ठराव नाही. ज्यांच्याकडे त्यांनी काम केलं त्या घरांनी दाखला द्यावा, आणि यापुढे आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव, पगार आणि सुट्ट्या ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहाव्यात, एवढाच आहे.

एक राहिलंच. 2009 साली मधल्या गल्लीतल्या त्याच घराने वर-खाली होणारी लोखंडी कॉट विकत घेतली होती. आजी गेल्यावर ती पुढच्या घरी गेली, मग आमच्याकडे आली, मग शेवटच्या रांगेत. आतापर्यंत तिने नऊ घरं पाहिली आहेत. सध्या ती ऑफिसच्या मागच्या खोलीत आहे. सोबत दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची आणि हवेची गादी आहे. भाडं नाही, चावी सेक्रेटरींकडे. पायाकडचा डावा हँडल जरा अडकतो. उलटा अर्धा फिरवून मग सुलटा फिरवायचा.