पोच

जुलै-ऑगस्टमध्ये खानदेशातल्या नरडाण्याच्या महामार्गावरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात डोकावा. बारावी झालेली पोरं-पोरी रांगेत उभी असतात आणि त्यांच्यामागे कपाशीची निंदणी-कोळपणी अर्धी टाकून आलेले बाप. पिशवीत जातपडताळणीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती असतात. दुकानातला मुलगा एकेक फॉर्म भरत जातो आणि शेवटी म्हणतो, "काका, अँटी-रॅगिंगचं राहिलं. तुमचा मोबाईल नंबर सांगा." बाप नंबर सांगतो, दाखवलेल्या जागी सही करतो, वीस-तीस रुपये देतो आणि विचारतो, "झालं ना?"

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या मुलांबरोबर मी या दुकानांत बराच वेळ बसलो आहे. अँटी-रॅगिंगची हमीपत्रं दोन असतात, एक विद्यार्थ्याचं आणि एक पालकाचं, आणि दोन्ही दरवर्षी नव्याने भरावी लागतात. ती वाचून भरणारा पालक मला अजून भेटलेला नाही. हा कागद कुठून आला, कोणामुळे आला, हे त्या रांगेत कोणाला माहीत नसतं. ते माहीत असावं म्हणून ही वाटचाल लिहितो आहे.

या कागदामागे बाप आहेत आणि आया आहेत. प्रत्येकाचं एक मूल गेलेलं आहे.

6 नोव्हेंबर 1996. तामिळनाडूत चिदंबरमच्या राजा मुथय्या वैद्यकीय महाविद्यालयात पोन नवरसू नावाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वसतिगृहात मारला गेला. त्याचे वडील पी. के. पोन्नुस्वामी हे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. एवढ्या मोठ्या पदावर गेलेल्या माणसाचा मुलगाही वसतिगृहाच्या दाराआड सुरक्षित नव्हता. पुढल्याच वर्षी, 1997 मध्ये, तामिळनाडूने रॅगिंगबंदीचा कायदा केला. नवरसूच्या वडिलांना मात्र शेवटच्या निकालासाठी एप्रिल 2011 उजाडावा लागला. खालच्या कोर्टाने आरोपी विद्यार्थ्याला जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने त्याला सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. यात चौदाहून अधिक वर्षं गेली.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. आपला रॅगिंगबंदी कायदा 1999 चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम मात्र संस्थेच्या प्रमुखासाठी आहे. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची. जो प्रमुख टाळाटाळ करील, त्याने गुन्ह्याला मदत केली असं धरायचं. हे कलम प्रत्येक प्राचार्याच्या खुर्चीमागे फ्रेम करून लावावं असं आहे.

कायदे होते. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. 2006 मध्ये सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमली गेली आणि 2007 मध्ये तिचा अहवालही आला. तरी 8 मार्च 2009 रोजी हिमाचलमध्ये, कांगड्याजवळच्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात, अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा मुलगा वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीत गेला.

या वाटचालीत खरी यंत्रणा उभी राहते ती इथून. अमनचे वडील राजेंद्र काचरू मुलाच्या खटल्यापुरते थांबले नाहीत. चौघा आरोपींना नोव्हेंबर 2010 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. मुलाच्या जिवासमोर चार वर्षं किती अपुरी, हे कोणत्याही बापाला विचारा. पण त्याआधीच काचरूंनी आपलं लक्ष दुसऱ्या मुलांकडे वळवलं होतं. 'अमन मूव्हमेंट' उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 8 मे 2009 रोजी कडक आदेश दिले, 17 जूनला विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम निघाले आणि त्याच महिन्यात चोवीस तासांची टोल-फ्री हेल्पलाइन सुरू झाली. दरवर्षीची दोन हमीपत्रं आली. गुन्हा घडल्याचं कळताच चोवीस तासांत एफआयआर करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आली. पुढे काही वर्षं काचरूंच्याच विश्वस्त संस्थेने या सगळ्याची देखरेख केली.

त्या देखरेखीचं मोल ज्याने सरकारी कचेरीत खेटे घातले आहेत त्याला लगेच कळेल. हेल्पलाइनवर फोन येणं सोपं असतं. तो फोन कोणत्या कॉलेजातून आला, त्या कॉलेजने काय केलं, काहीच केलं नाही तर पुढे कोणाला कळवलं, हे सगळं नोंदवत राहणं अवघड. एका बापाने ते काम वर्षानुवर्षं अंगावर घेतलं, आपल्या मुलाला त्याचा काही उपयोग होणार नाही हे माहीत असून. नरडाण्याच्या दुकानात जो फॉर्म आपण न वाचता भरतो, तो या माणसाच्या दुःखातून आला आहे.

2016 मध्ये या नियमांत एक दुरुस्ती झाली, तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. जात, धर्म, वंश, भाषा, प्रदेश, लिंग यांवरून कोणाला हिणवणं, छळणं हेदेखील रॅगिंगच, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

म्हणजे 2019 साली सगळं कागदावर होतं. राज्याचा कायदा वीस वर्षं जुना, आयोगाचे नियम दहा वर्षांचे आणि जातीच्या छळाची व्याख्या तीन वर्षांपूर्वीची. आणि त्याच वर्षी दुःख आमच्या खानदेशात आलं.

नरडाण्याहून सुरत-भुसावळ लाइनवर गाडीत बसलं की अमळनेर, धरणगाव आणि मग जळगाव. डॉ. पायल तडवी त्या जळगावची. तडवी भिल्ल समाज म्हणजे यावल, रावेर, चोपड्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा, इस्लाम मानणारा आदिवासी समाज. त्या समाजातली मुलगी मिरजेच्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाली आणि 1 मे 2018 रोजी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाली. "मनी आंडेर डाक्टर व्हई," म्हणजे माझी मुलगी डॉक्टर होईल, हे वाक्य आमच्याकडे किती घरांत किती अभिमानाने बोललं जातं, ते अहिराणी मुलखात राहिलेल्याला सांगायला नको. पायलच्या घरी तर मुलगी डॉक्टर होऊन आणखी पुढे निघाली होती.

22 मे 2019 रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिने जीव दिला. ती सव्वीस वर्षांची होती.

कायद्याच्या भाषेत हा खून नाही. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त करणं, रॅगिंग आणि अॅट्रॉसिटीचे आरोप ठेवले गेले, बाराशेहून अधिक पानांचं आरोपपत्र दाखल झालं. आरोपींनी आरोप नाकारले आहेत. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. मला बोलायचं आहे ते तिच्या आईबद्दल.

आबेदा तडवी जळगाव जिल्हा परिषदेत नोकरी करणाऱ्या. आवक-जावक म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या स्वतः कर्करोगाच्या रुग्ण, आणि उपचारही त्याच नायरमध्ये झालेले. त्या दिवसांत लेकीला सगळ्यांसमोर कसं बोललं जातं ते त्यांनी पाहिलं, असं त्यांनी सांगितलं आहे. मे महिन्यात, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्या लेखी तक्रार घेऊन गेल्या. आपला अर्ज घेतला गेला नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे लेखी तक्रार आलीच नव्हती, असं रुग्णालयाचं म्हणणं.

या दोन वाक्यांपाशी मी पुन्हापुन्हा येऊन थांबतो. आयुष्य सरकारी कचेरीत गेलेली एक बाई हातात अर्ज घेऊन टेबलासमोर उभी आहे. तिला हवं ते एवढंच, की कोणीतरी तो कागद घ्यावा, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारावा, आवक क्रमांक टाकावा. पोच द्यावी. ती पोच मिळाली असती, तर 1999 च्या कायद्यातले सात दिवस त्या दिवसापासून मोजले गेले असते. समिती, व्याख्या, हेल्पलाइन हे सगळं त्या शिक्क्याच्या पलीकडे होतं आणि आई अलीकडे राहिली.

लेक गेल्यावर आबेदाताई आणि घरची माणसं नायरच्या दारात जाऊन बसली. पुढच्या दिवसांत अटक झाली. ऑगस्ट 2019 मध्ये जामीन झाला. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना शिक्षण पूर्ण करायला परवानगी दिली. खटला रेंगाळत राहिला. मार्च 2025 मध्ये तर सरकारने विशेष सरकारी वकीलच बदलले आणि आबेदाताईंना त्याविरुद्धही अर्ज करावा लागला.

पण 2019 मध्येच त्यांनी आणखी एक अर्ज केला होता, आणि माझ्या मते इथे ही आई पोन्नुस्वामी आणि काचरू यांच्या रांगेत येऊन उभी राहते. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात 17 जानेवारी 2016 रोजी गेलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका यांच्याबरोबर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. एक आंध्रातली, एक खानदेशातली. मागणी स्वतःच्या मुलांसाठी नव्हती. उच्च शिक्षणात जातीभेद रोखण्यासाठी आयोगाचे 2012 चे नियम आहेत, पण ते पाळले जात नाहीत. ते पाळायला लावा, त्यांना धार द्या, असं याचिकेचं म्हणणं. त्याआधी 2007 मध्येच प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधला भेदभाव नोंदवून ठेवला होता, म्हणजे विषय नवा नव्हता. तो कोर्टात नेऊन तिथे टिकवून धरणारं माणूस नव्हतं.

सप्टेंबर 2019 मध्ये नोटीस निघाली आणि मग बराच काळ फाइल हललीच नाही. जुलै 2023 मध्ये न्यायालयाने प्रकरण गंभीर असल्याचं म्हटलं आणि आयोगाला काय केलं ते विचारलं. जानेवारी 2025 मध्ये तक्रारींची आकडेवारी मागितली. आयोगाच्या आकड्यांप्रमाणे 2019-20 मध्ये अशा 173 तक्रारी आल्या होत्या, 2023-24 मध्ये 378. या वाढीचा अर्थ छळ वाढला असाही असेल, मुलं बोलू लागली असाही असेल. मला दुसरा अर्थ खरा असावा असं मनापासून वाटतं. फेब्रुवारी 2025 मध्ये मसुदा आला. आणि 13 जानेवारी 2026 रोजी नवे नियम अधिसूचित झाले. त्यांत प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र, समता समिती आणि चोवीस तासांची मदतवाहिनी होती.

सोळा दिवसांनी, 29 जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. भेदभावाच्या व्याख्येत सगळेच विद्यार्थी येत नाहीत, अशी हरकत घेऊन काही जण न्यायालयात गेले होते आणि रस्त्यावरही आंदोलनं झाली. स्थगिती असेपर्यंत 2012 चे नियम चालू राहतील, असं न्यायालयाने सांगितलं.

व्याख्येवर वाद असू शकतो, तो न्यायालयात व्हावा, व्याख्या सुधारावी. माझा त्याला विरोध नाही. पण 2012 च्या नियमांनी भागत नाही, हेच सांगायला दोन आया दिल्लीला गेल्या होत्या. सहाहून अधिक वर्षांनी त्यांना त्याच नियमांपाशी परत आणून सोडणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तसं म्हणायला मी कचरत नाही.

तरीही मी या वाटचालीला अपयश म्हणणार नाही. जळगावच्या जिल्हा परिषदेतल्या ज्या बाईचा अर्ज, तिच्या म्हणण्याप्रमाणे, एका टेबलावर घेतला गेला नाही, तिचा पुढचा अर्ज देशाच्या सर्वोच्च न्यायालयात घेतला गेला. त्याला क्रमांक पडला, 1149/2019. 'आबेदा सलीम तडवी विरुद्ध भारत सरकार' या नावाने तो आता न्यायालयाच्या नोंदींत शोधला तर सापडतो.

मागच्या पावसाळ्यात दुकानात एक बाप मुलीला घेऊन आला होता. मुलीला पुण्याकडे नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. हमीपत्राच्या ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या. पालकाच्या हमीपत्रात लिहिलेलं असतं की माझा पाल्य रॅगिंग करणार नाही. ते ऐकून बाप म्हणाला, "ते ती करणारच नाही. पण तिला कोणी केलं तर?" मी त्यांना हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून दिला. मुलीने नाव लिहिलं 'मदत', म्हणजे वडिलांना शोधायला सोपं.

तोच नंबर तुम्हालाही देतो : 1800-180-5522. मुलाच्या नव्हे, स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, कारण छळ होणारं मूल कदाचित आधी घरीच बोलेल. आणि कॉलेजात कधी तक्रार द्यायची वेळ आली, तर अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय त्या टेबलापासून हलू नका. नाहीच घेतला अर्ज, तर पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि ती पावती जपून ठेवा.