माझी राहिलेली उडी

मागच्या भेटीत शाळेच्या मैदानावर काढलेला उडीचा फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पहिल्या बाकावरचे, शेवटच्या बाकावरचे, सगळे हवेत. आपल्या बाईसुद्धा पदर खोचून उडाल्या! त्यात मी मात्र नाही. "मी काढते ना फोटो," म्हणत नेहमीसारखी कॅमेऱ्यामागे गेले. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण वेगळं होतं: चारचौघांत आपण कसे दिसू?

घरी आल्यावर ती रुखरुख लागली आणि असे फोटो लोक कधीपासून काढतात, ते वाचत बसले.

सुरुवात घोड्यापासून झाली. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोडा पुढे गेला की आडवे दोरे तुटत आणि एकेक शटर पडे. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे तेव्हा दिसलं. १९०५ मध्ये पॅरिसला जाक आंरी लार्तिग या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने जिन्यावरून झेपावणाऱ्या, नात्यातल्या एका तरुणीला लांब झग्यासकट हवेत टिपलं.

पण उडीला खरी प्रतिष्ठा दिली फिलिप हाल्समनने. १९४८ मध्ये त्याने चित्रकार साल्वादोर दालीचा फोटो काढला. मदतनीस तीन मांजरं आणि बादलीभर पाणी फेकत, बायको खुर्ची उचलून धरी आणि दाली उडी मारी. मनासारखा फोटो मिळायला २८ प्रयत्न लागले. पुढे तो भल्याभल्यांना उडी मारायला सांगू लागला. त्याचं म्हणणं असं, की उडताना माणसाचं लक्ष उडीकडे जातं आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळतो. १९५९ साली त्याने या फोटोंचं पुस्तकच काढलं. त्यात उपाध्यक्ष निक्सन आहेत आणि ऐंशी ओलांडलेले न्यायाधीश लर्नेड हँडही! मेरिलिन मन्रोचा हात धरून तर हाल्समन स्वतःही उडाला.

हे वाचलं आणि माझी सबब संपली. एक उरली होती: मग फोटो काढणार कोण? तीही टोकियोच्या नात्सुमी हायाशीने मोडली. २०११ पासून तिने तरंगणारे स्वतःचे फोटो प्रसिद्ध केले. कॅमेरा तिपाईवर, टायमर लावायचा, धावत जाऊन उडी मारायची. एका फोटोसाठी कधी कधी शंभराहून जास्त उड्या!

इंजिनिअर असल्याने हिशेबही केला. एक फूट उंच उडीत आपण जेमतेम अर्धा सेकंद हवेत असतो. त्यातला निम्मा वेळ उडीच्या वरच्या पाव भागात जातो, कारण तिथे वेग कमी होतो. म्हणून बटण माथ्यावर दाबायचं, शटर एक पंचशतांश सेकंदाचं ठेवायचं.

दहावीच्या ग्रुप फोटोत आपण सगळे ताठ उभे होतो, श्वास रोखून. तेव्हा हललं की फोटो वाया जाई. ती भीती मी उगाच पंचविशीच्या पुढेही सांभाळली.

पुढच्या भेटीला तिपाई मी आणते. टायमर दहा सेकंदांचा. माझ्यासाठी मधे एक जागा ठेवा.